साथीच्या काळात आयव्हीएफ : ब्रिटनचा अनुभव

कोविडच्या पहिल्या लाटेत ब्रिटनच्या वंध्यत्व-उपचारांच्या नियामक संस्थेने, म्हणजे 'एचएफईए'ने, सर्व उपचार केंद्रांना 15 एप्रिल 2020 पर्यंत चालू उपचार आटोपायला सांगितले. अपवाद होता तो कर्करुग्णांचा. केमोथेरपीआधी स्त्रीबीजे किंवा शुक्राणू गोठवून ठेवणे लांबवता येत नाही. 11 मेपासून केंद्रांना पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज करता येऊ लागला. आधी सुरक्षेची योजना दाखवायची, मग परवानगी.

खरी अडचण वेळेची. बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन दिले की साधारण 36 तासांत ती काढावीच लागतात. त्या दीड दिवसात रुग्णाला ताप आला तर? म्हणून 'एश्रे' या युरोपीय संघटनेने इंजेक्शने सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून लक्षणांची प्रश्नावली भरून घ्यायला सांगितले. संसर्ग आढळला तर उपचारांचे चक्र पुढे ढकलायचे, किंवा भ्रूण गोठवून गर्भरोपण लांबवायचे. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये भ्रूणाला घाई नसते. वयाने चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीला मात्र असते, आणि सरसकट बंदीची सर्वांत मोठी किंमत तिनेच मोजली.

बाकी उपाय ओळखीचेच : सल्ला फोनवर, सोनोग्राफीच्या वेळा विखरून, जोडीदार बाहेर. हा शेवटचा नियम अनेकींना सुईपेक्षा जास्त टोचला असणार.

उपचार लांबल्यामुळे ब्रिटिश सरकारने 1 जुलै 2020 पासून बीजे, शुक्राणू व भ्रूण साठवण्याची तेव्हाची 10 वर्षांची मुदतही दोन वर्षांनी वाढवली.