बाँगो, संबळ आणि भाच्याची हौस

आमचा भाचा तबला शिकतो. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी संध्याकाळी त्याचा रियाज आणि अक्कांच्या भाकऱ्या एकाच वेळी सुरू होतात, आणि दोन्ही एकाच लयीत थापल्या जातात असे शेजारी म्हणतात. गेल्या वर्षी जून महिन्यात, नोकरीच्या पहिल्या वर्षाची सगळी शिल्लक खर्चून त्याने परगावच्या एका दुकानातून बाँगो आणला. बाँगो म्हणजे शेजारी शेजारी जोडलेले दोन छोटे ढोल, एवढे आम्हांलाही ठाऊक होते. पण या बाँगोला तोंडे तीन होती! फायबरची चकचकीत भांडी, लोखंडी सांगाडा, आणि तिसरे तोंड बरोबर मध्ये, पुढे काढलेले.

"मामा, दोन तोंडांत दोन सूर, तीन तोंडांत तीन. ऑर्केस्ट्रात किती मजा येईल बघा!"

गणपतीत गल्लीच्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता आणि बाँगोवर यालाच बसवायचे ठरले होते. दुकानात वाद्य फार गोड वाजले होते म्हणे. घरीही पहिले दहा मिनिटे गोडच वाजले. चौथ्या दिवशी भाचा लंगडत ऑफिसला गेला.

आता हे असे का व्हावे, याचे उत्तर शोधायला थोडे लांब, म्हणजे थेट क्यूबा बेटावर जावे लागते. तिथल्या पूर्वेकडच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे वाद्य आकाराला आले. एक तोंड सुमारे ७ इंचांचे, दुसरे साडेआठ इंचांचे. गंमत म्हणजे तिकडे मोठ्या तोंडाला मादी म्हणतात आणि लहान, चिरक्या आवाजाच्या तोंडाला नर. (हे ऐकल्यावर अक्कांचे बाँगोविषयीचे मत जरा सुधारले.) वादक खुर्चीवर बसतो, जोडी दोन गुडघ्यांत धरतो आणि बोटांनी वाजवतो. त्याचा मुख्य ठेका आठ ठोक्यांचा, म्हणून आमच्या केरव्यावर वाढलेल्या हाताला तो परका वाटत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी ही लॅटिन तालवाद्ये रुजवली आणि गाण्यांबरोबर त्यांचा नाद आमच्या कोल्हापुरातही घरोघर पोचला.

सारी मेख त्या गुडघ्यांत आहे. दोन्ही भांडी जोडणारा लाकडाचा ठोकळा असतो, त्याने त्यांच्यात अंतर राहते आणि जोडी मांड्यांत बसते. वजन दोन्हीकडे सारखे. मध्ये तिसरे भांडे आले की तोल पुढे जातो आणि तो सावरायला गुडघे आवळावे लागतात. शिवाय माणसाला हात दोनच. तिसऱ्या तोंडावर थाप मारायची तर एक हात आपली जागा सोडून जातो आणि परत येईपर्यंत ठेका वाट पाहात बसतो. बरे, खाली ठेवून वाजवावे, तर बाँगो बुडाशी उघडा. जाजमावर टेकवला की खालचे तोंड बुजते आणि मोठ्या भांड्याचा भरदार आवाज गुदमरतो. तबला बैठकीचा, बाँगो खुर्चीचा. हा फरक दुकानात कोणी सांगत नाही.

तीन तोंडे मुळातच चूक, असे मात्र मी म्हणणार नाही. तबलातरंगात दहाबारा तबले अर्धवर्तुळात मांडतात आणि वादक त्यांवर धून वाजवतो. पण तिथे भार जमीन सोसते, वादकाचे गुडघे नव्हेत.

अक्कांकडे गोंधळ घालायला येणारे एक वृद्ध गोंधळी आहेत. ते सहज म्हणून घरी आले होते. त्यांनी वाद्य उचलले, फिरवून पाहिले आणि खाली ठेवले.

"कानाला ग्वाड लागलं म्हनून घेतलंस व्हय रं पोरा? आता गुडगं फेडत्यात!"

त्यांचा संबळही जोडवाद्यच. एक तोंड उंच सुराचे, एक खालच्या. पण तो कमरेला बांधायचा आणि दोन काठ्यांनी वाजवायचा, त्यातल्या एकीचे टोक गोल वळवलेले. उभे राहून, नाचत, रात्र रात्र वाजवायचे वाद्य. त्यामुळे त्याची सारी घडण कमरेच्या हिशेबाने झालेली. क्यूबाचा माणूस आणि आमचा गोंधळी यांची कधी गाठ पडली नाही, पण दोघेही दोन तोंडांवर थांबले.

मग नवे काही करूच नये काय? तसेही नाही. मूळच्या बाँगोचे कातडे चुकांनी ठोकलेले असे आणि सूर चढवायचा तर ते आचेवर धरावे लागे. आमचे हलगीवाले आजही हलगी शेकतात ती याचसाठी. दमट हवेत कातडे पाणी पिते, सैल पडते आणि आवाज बसतो. कोल्हापूरच्या पावसात तर विचारूच नका. पुढे बाँगोला लोखंडी कडे आणि पिळाचे नट आले. पाना फिरवला की सूर चढतो. नट-बोल्टची ढोलकी आज आपल्याकडे सर्रास दिसते, ती याच सोयीपायी. १९५७ पासून अमेरिकेत प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची ढोलाची पाने बाजारात आली. त्यांना पावसाची भीती नाही. मात्र आवाज जरा कोरडा, ऊब कमी.

अमेरिकेने १९६२ साली क्यूबाशी व्यापार तोडला, तेव्हा न्यूयॉर्कच्या मार्टिन कोहेन नावाच्या इंजिनिअराला क्यूबाचा बाँगो मिळेना. त्याने स्वतःच बाँगो बनवायला घेतला आणि १९६४ साली 'लॅटिन पर्कशन' ही कंपनी काढली. बोटांना लागणारी लोखंडी कड गोलाकार वळवण्याची सुधारणा याच कंपनीची. दिसायला काहीच नाही, पण तासभर वाजवणाऱ्याला विचारा! हल्ली कातडे अजिबात नसलेला, नुसत्या लाकडी खोक्यांचा बाँगोही मिळतो. तोही गुडघ्यांतच धरतात. सूर लावायची कटकट नाही, पण लावायचा म्हटला तरी लागत नाही.

भाच्याच्या वाद्यातही नट होते, प्लॅस्टिकची पाने होती आणि कड गोल होती. अडचण एकाच तोंडाची होती. दुकानदार परत घेईना. शेवटी एका रविवारी मामा-भाचे ते बोचके घेऊन उद्यमनगरात गेलो. तेलाचे इंजिन असो की उसाचा चरक, तिथे दुरुस्त होत नाही असे काही नाही. कारागिराने आमच्याकडे न पाहताच विचारले, "कापायचं का जोडायचं?" दोन्ही, असे म्हटल्यावर त्याने सांगाडा कापला, तिसरे भांडे सुटे केले आणि उरलेल्या दोघांत सागवानी ठोकळा बसवून आरपार बोल्ट मारला. वजन निम्म्याने उतरले. मोठ्या तोंडाला भाच्याने कातडे चढवून घेतले, लहानाला प्लॅस्टिक ठेवले.

गणपतीच्या दुसऱ्या रात्री पाऊस कोसळला. हलगीवाले जाळासाठी कोरडा कागद शोधत मांडवाच्या मागे गेले आणि त्या दहा मिनिटांत भाच्याने एकट्याने ठेका धरून ठेवला. मोठे तोंड थोडे उतरले होते, त्याला त्याने मध्येच पाना लावला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला तो सरळ चालत.

तिसऱ्या भांड्याचे पान काढून टाकले. अक्कांनी त्यावर पाण्याचा माठ ठेवला आहे, आणि तो जराही हलत नाही.