गाण्याला गुण देताना : पॉल मॅकार्टनी यांचा एक अल्बम आणि चाहत्यांचे वाद



गाणी ऐकणारी चार माणसे एकत्र जमली की क्रमवारी लागतेच. कोणते गाणे सरस, कोणते भरतीचे, कोणते गाळले असते तरी चालले असते, यावर चहा थंड होईपर्यंत बोलणे चालते. गीतरामायणातल्या ५६ गीतांपैकी आपली पहिली पाच कोणती, हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच घरांत कधी ना कधी निघाला असेल. इंग्रजी पॉप संगीताचे चाहतेही हेच करतात, फक्त जरा शिस्तीने. अल्बममधल्या प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण द्यायचे, बेरीज करायची आणि मग वाद घालायचा.

हे वाद वरवर पोरकट वाटतात. पण नीट ऐकले तर त्यांतून गाणे कसे ऐकावे हे कळते, आणि वयाने व मानाने मोठ्या झालेल्या कलावंताच्या नव्या कामाकडे कसे पाहावे हेही कळते. उदाहरणादाखल एकच अल्बम घेऊ : पॉल मॅकार्टनी यांचा ‘केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड’. हा अल्बम सप्टेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ गाणी आहेत आणि तेव्हा मॅकार्टनी ६३ वर्षांचे होते.

एकाच माणसाचे तीन हात

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे भावगीताचे श्रेय सहज वाटले जाते. शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची, गायन आणखी कुणाचे. त्यामुळे ‘चाल उत्तम, पण शब्द साधे’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो. मॅकार्टनी यांच्यासारखा गीतकार शब्द लिहितो, चाल बांधतो आणि गातोही. या अल्बममध्ये तर बहुतेक वाद्येही त्यांनीच वाजवली आहेत : पियानो, गिटार, बास, ड्रम, शिवाय ट्रंपेटच्या जातीचे फ्ल्यूगलहॉर्नसुद्धा. सगळे एकाच माणसाचे असल्यामुळे गुण नेमके कशाला दिले हे ऐकणाऱ्याचे त्यालाच कळत नाही, आणि बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात.

पहिले गुण निर्मात्याचे

या अल्बमचे निर्माते नायजेल गॉडरिच. ‘रेडिओहेड’ या वाद्यवृंदाच्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बममुळे त्यांचे नाव झाले होते. मॅकार्टनी यांना त्यांचे नाव सुचवले जॉर्ज मार्टिन यांनी, म्हणजे ज्यांनी बीटल्सचे जवळजवळ सगळे ध्वनिमुद्रण घडवले त्यांनीच. गॉडरिच यांचा जन्म १९७१ चा. बीटल्स फुटले १९७० मध्ये. म्हणजे ज्यांच्या गाण्यांवर आपले आईवडील वाढले अशा माणसासमोर हा तरुण बसला होता.

त्याने दोन गोष्टी केल्या. पहिली, मॅकार्टनी यांचा दौऱ्यातला नेहमीचा वाद्यवृंद बराचसा बाजूला ठेवला आणि ‘तुम्हीच वाजवा’ असा आग्रह धरला. दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. मॅकार्टनी यांनी आणलेली काही गाणी पुरेशी चांगली नाहीत, असे त्याने तोंडावर सांगितले. मॅकार्टनी यांना राग आला, आणि तो आल्याचे त्यांनी पुढे मुलाखतींत लपवले नाही. पण त्यांनी त्याला काढले नाही. ‘रायडिंग टू व्हॅनिटी फेअर’ हे गाणे मूळ रूपात गॉडरिच यांना पसंत नव्हते. त्याची लय संथ केली, मांडणी बदलली आणि मगच ते अल्बममध्ये आले.

चाहत्यांच्या हाती गुणपत्रिका येण्याआधी अशी एक तपासणी होऊन गेली होती. अल्बमची जी ठेवण आहे, कमी वाद्ये, मोजके शब्द, फारसा गोडवा नाही, ती या तपासणीतून आलेली आहे.

चाहते कुठे भांडतात

आता गाण्यांकडे वळू. एकमत आणि मतभेद दोन्ही शिकवतात.

‘जेनी रेन’ बहुतेकांच्या यादीत वर असते. एका गिटारवर उभे असलेले हे गाणे ऐकताना बीटल्सच्या ‘ब्लॅकबर्ड’ची आठवण होतेच. दोन्ही नावांत पक्षी आहे, बोटांनी तारा छेडण्याची पद्धतही जवळची आहे. मधल्या भागात दुदुक हे आर्मेनियन वाद्य वाजते. वादक आहेत पेद्रो युस्ताशे. दुदुक जर्दाळूच्या लाकडाचे असते आणि आपल्या सनईसारखीच त्याला दुहेरी पत्ती असते. फक्त सनईचा आवाज मांडवाबाहेर पोचतो, तर दुदुकचा आवाज कानाशी कुणी हळू बोलावे तसा असतो. या गाण्यावरचा वाद असा : ते स्वतःच्या पायावर उभे आहे, की जुन्या गाण्याच्या आठवणीमुळे त्याला दोन गुण जास्त मिळतात?

‘इंग्लिश टी’वर सरळ दोन पक्ष पडतात. जुन्या वळणाची, जरा नटवी इंग्रजी भाषा, व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांची साथ, बाग, चहा. एका पक्षाला हा निर्मळ विनोद वाटतो, दुसऱ्याला लाडिकपणा. हा मतभेद चालीबद्दल नाहीच, आवडीनिवडीबद्दल आहे. ज्याला मॅकार्टनी यांचा खट्याळपणा पहिल्यापासून आवडतो तो इथे आठ गुण देतो. ज्याला तो खुपतो तो चार.

‘रायडिंग टू व्हॅनिटी फेअर’मध्ये मैत्रीचा हात पुढे करूनही तो झिडकारला गेलेला माणूस बोलतो. मॅकार्टनी म्हणजे आनंदी, गोड, हसतमुख अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे गाणे कडू वाटते. नेमका तोच कडवटपणा इतरांना अल्बमचा कळस वाटतो. हे कुणाला उद्देशून आहे, यावरही तर्क चालतात. तर्क करण्यात मजा आहे, पण त्याने गाण्याचे गुण वाढत नाहीत किंवा कमी होत नाहीत.

‘फ्रेंड्स टू गो’बद्दल मॅकार्टनी यांनी स्वतःच सांगितले आहे की लिहिताना आपण जॉर्ज हॅरिसन यांचे गाणे लिहीत आहोत असे वाटत होते. हॅरिसन २००१ मध्ये गेले. हे कळल्यावर गाणे वेगळे ऐकू येते. ‘टू मच रेन’मागे चार्ली चॅप्लिन यांच्या ‘स्माइल’ची प्रेरणा आहे, त्याची धून १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’ चित्रपटातली. ‘फाइन लाइन’ हे पहिले गाणे उत्साही आहे, पण पुढच्या गाण्यांचा सूर त्याच्यापेक्षा बराच शांत असल्याने ते सुरुवातीला हवे होते का, हा प्रश्न निघतो. ‘प्रॉमिस टू यू गर्ल’ उडते आहे आणि पियानोवर धावते. ‘अ सर्टन सॉफ्टनेस’ लॅटिन अमेरिकी वळणाचे आहे. काहींना ते मखमली वाटते, काहींना नुसते मऊ.

गुण नेमके कशाला?

अशा वादांत एक युक्ती उपयोगी पडते. कुणी ‘सहा’ म्हटले की विचारावे : सहा कशाला? बहुतेक वेळा उत्तर तीनपैकी एक असते.

पहिले, रचनेला. म्हणजे शब्द आणि चाल. हे गाणे दुसऱ्या कुणी, साध्या पेटीवर गायले तरी टिकेल का?

दुसरे, मांडणीला. म्हणजे आवाज, वाद्ये, ध्वनिमुद्रण. ‘जेनी रेन’मधून दुदुक काढले तर काय उरते?

तिसरे, आठवणीला. हे गाणे मला कुणाची, कधीची आठवण देते?

तिसरा भाग खोटा मानायचे कारण नाही. आठवण हा गाण्याच्या आनंदाचा मोठा वाटा आहे. पण तो वेगळा मोजावा. ‘फ्रेंड्स टू गो’ला हॅरिसन यांच्यामुळे दोन गुण जास्त देणारा आणि न देणारा हे दोघे गाण्याबद्दल भांडतच नसतात. एवढे लक्षात आले की निम्मा वाद मिटतो आणि उरलेला निम्मा ऐकण्यासारखा होतो.

तरुणपणीच्या स्वतःशी तुलना

ज्येष्ठ गीतकाराच्या अल्बमवर एक तुलना हमखास लादली जाते : ‘पूर्वीसारखे नाही.’ इथे गंमत अशी की ती तुलना अल्बमच्या मुखपृष्ठावरच छापलेली आहे. तिथे १९६२ सालचे छायाचित्र आहे. लिव्हरपूलमधल्या २०, फोर्थलिन रोड या घराच्या परसात विशीतला पॉल गिटार घेऊन बसला आहे आणि घरातून, खिडकीच्या जाळीदार पडद्याआडून, धाकट्या भावाने, माइकने ते टिपले आहे. पुढच्या काही महिन्यांत बीटल्सची पहिली तबकडी बाजारात येणार होती. ६३ वर्षांच्या माणसाने आपल्या नव्या गाण्यांवर आपलाच विशीतला चेहरा लावला. म्हणजे ही तुलना होणार हे त्यांना ठाऊक होते.

पण तुलना करताना एक सावधगिरी हवी. आपण ज्या जुन्या कामाशी तुलना करतो त्यालाही त्या वेळी चांगले गुण होतेच असे नाही. मॅकार्टनी यांनी पत्नी लिंडा यांच्यासह १९७१ मध्ये ‘रॅम’ हा अल्बम काढला, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने त्याच्यावर कडाडून टीका केली. त्याच मासिकाने २०२० मध्ये सर्वकालीन ५०० अल्बमची यादी केली, तीत ‘रॅम’ आहे. गाणी तीच आणि मासिकही तेच. मधल्या काळात त्या अल्बमशी वाढलेली, त्याला बीटल्सचे माप न लावणारी ऐकणाऱ्यांची नवी पिढी आली. पहिल्या आठवड्यातले गुण पेन्सिलीने लिहावेत ते यासाठी.

२००५ च्या अल्बमच्या वाट्याला असा वनवास आला नाही. २००६ च्या ग्रॅमी पुरस्कारांत ‘अल्बम ऑफ द इयर’साठी त्याचे नामांकन झाले, पुरस्कार ‘यू टू’ या वाद्यवृंदाला मिळाला.

आपल्याकडचा प्रश्न

हे सगळे आपल्या मंडळाच्या पानावर का, असे कुणी विचारील. कारण आपल्याकडेही ज्येष्ठ कलावंत आहेत. एखादे काका गेली चाळीस वर्षे गणेशोत्सवात गात आलेले असतात, एखाद्या मावशी स्वतः कविता लिहून चाली लावतात. त्यांच्या वाट्याला आपल्याकडून बहुधा दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे टाळ्या, त्या गाणे कसेही झाले तरी मिळतात. दुसरी म्हणजे फर्माईश, आणि ती नेहमी जुन्याच गाण्याची असते. नवी रचना त्यांनी सादर केली तर आपण प्रेमाने ऐकतो, ‘वा’ म्हणतो आणि जेवणाच्या पंगतीला लागतो. दुसऱ्या दिवशी त्यातली ओळ कुणाला आठवत नाही.

यात आदर आहे, पण ऐकणे नाही. मॅकार्टनी यांना टाळ्यांची ददात नव्हती. त्यांच्याजवळ नव्हता तो ‘हे गाणे अजून झालेले नाही’ असे सांगणारा माणूस. तो मिळाला, राग आला, तरी त्यांनी तो सोसला आणि अल्बम सुधारला. आणि त्या गाण्यांना चार-सहा-आठ असे गुण देत भांडणारे चाहतेही एका अर्थी तेच करतात. एखाद्या गाण्याला चार गुण देण्यासाठीसुद्धा ते लक्ष देऊन ऐकावे लागते.

म्हणून पुढच्या वेळी मंडळात कुणी ज्येष्ठ नवी चाल ऐकवतील तेव्हा कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याजवळ जाऊन एक नेमकी गोष्ट सांगावी. ‘दुसऱ्या कडव्यात चाल वर गेली ते आवडले,’ किंवा ‘शेवट घाईत झाला असे वाटले.’ चारचौघांत नको, शांतपणे, आणि विचारले तर कारणासह. बहुतेकांना याचा आनंदच होईल.

घरी ऐकायचे असेल तर

अल्बम साधारण पाऊण तासाचा आहे. मुले, नातवंडे यांच्यासह ऐकून पाहावा. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर गुण लिहावेत आणि सगळी गाणी संपेपर्यंत कुणाला दाखवू नयेत, नाहीतर घरातल्या मोठ्यांचा आकडा पाहून बाकीचे आकडे सरकतात. रचना, मांडणी, आठवण असे तीन रकाने करावेत. आठवडाभराने पुन्हा एकदा ऐकून जे आकडे बदलावेसे वाटतात ते बदलावेत. बहुधा सर्वांत जास्त बोलण्यासारखे तिथेच सापडेल : पहिल्यांदा पाच मिळालेले कोणते गाणे आठ दिवसांनी आठवर गेले, आणि का.

इंग्रजी गाण्यांची सवय नसेल तर हाच खेळ आपल्या आवडत्या मराठी संगीतकाराच्या उतारवयातल्या रचनांवर खेळावा. आपली क्रमवारी आणि तिची कारणे मंडळाकडे जरूर कळवा. आकड्यांपेक्षा कारणे वाचायला आम्हाला जास्त आवडेल.