इन्सुलिन मुलाचे, जबाबदारी घराची

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला रोज इन्सुलिन घ्यावेच लागते. लहानपणी हे काम आई-वडील करतात. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले, की ‘आता तुझे तू बघ’ म्हणून ते बाजूला होतात. नेमक्या याच वयात शरीरातील बदलांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. मित्रांसमोर सुई काढायची लाज वाटते आणि डोस चुकू लागतात. साखर वाढते, घरात वाद होतात. इन्सुलिन फारच कमी पडले, तर रक्तात कीटोन साठून उलट्या, पोटदुखी, धाप सुरू होते. उपचारांना उशीर झाल्यास जिवावर बेतते.

अशा मुलांना दवाखान्यात नुसते रागावून काही साधत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे वेन स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेबोरा एलिस आणि सहकाऱ्यांनी समुपदेशकालाच मुलांच्या घरी पाठवले. ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’ ही पद्धत मुळात गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांसाठी होती. यात समुपदेशक सुमारे सहा महिने वरचेवर घरी येतो. डोस कधी चुकतो, सकाळच्या घाईत की शाळेत? साखर तपासली की नाही, हे कोण पाहते? आई आणि वडील एकच सांगतात का? हे घरातच बसून समजून घेतले जाते आणि त्या घराला जमेल असा उपाय ठरतो. गरजेप्रमाणे शाळा आणि डॉक्टर यांनाही सोबत घेतले जाते.

२००५ मध्ये १२७ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना या पद्धतीची जोड मिळालेली मुले साखर अधिक वेळा तपासू लागली, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले. २०१२ मधील १४६ मुलांच्या अभ्यासात सात महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज, सुमारे १ टक्क्याने उतरला. फोनवरून आधार मिळालेल्या मुलांपेक्षा ही सुधारणा सरस होती.

समुपदेशक प्रत्येक घरी येणे शक्य नाही. पण यातील मुख्य गोष्ट कोणत्याही आई-वडिलांना जमण्याजोगी आहे. किशोरवयीन मुलाने सुई स्वतः टोचावी, मात्र घरातील मोठ्या माणसाने ते पाहावे. ग्लुकोमीटरवरील आकडे रोज दोघांनी मिळून बघावेत. आकडा जास्त आला तर रागावू नये. बोलणी बसली की पुढचा आकडा लपवला जातो, आणि लपलेल्या आकड्यावर कोणत्याही डॉक्टरला उपचार करता येत नाहीत.