क्रमांकांच्या थांब्यांचे शहर

भोपाळच्या नव्या भागातील टी. टी. नगर, म्हणजेच येवल्यात जन्मलेल्या आणि १८५९ मध्ये शिवपुरी येथे फाशी गेलेल्या तात्या टोपे यांच्या नावाचे तात्या टोपे नगर, ही वस्ती मुळात सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसवण्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ त्याची राजधानी ठरली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर व रीवा येथील कचेऱ्यांतील माणसे दप्तरासह तेथे दाखल झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. शहर या सर्वांना सारखेच परके होते, आणि जुन्या गावात गल्लीबोळांना पिढ्यान्‌पिढ्या जी नावे चिकटलेली असतात, ती येथे नव्या वसाहतींना अजून मिळायची होती.

ही उणीव आकड्यांनी भरून काढली. नव्या भोपाळात ‘पाच नंबर’, ‘छह नंबर’, ‘दस नंबर’ आणि ‘बारह नंबर’ ही आज सर्रास वापरली जाणारी स्थलनामे आहेत, आणि ती बसथांब्यांच्या क्रमांकांवरून आलेली आहेत. त्यांच्या मालिकेत ‘साढ़े छह नंबर’ असा अर्ध्या क्रमांकाचा थांबाही आहे, हे ऐकून परगावच्या माणसाला आपली थट्टा चालली आहे असे वाटल्यास नवल नाही. दुसरा प्रकार घरांच्या संख्येचा आहे: टी. टी. नगराच्या परिसरातील ‘पैंतालीस बंगले’ व ‘चौहत्तर बंगले’, अरेरा कॉलनीकडील ‘ग्यारह सौ क्वार्टर’, आणि ‘बारह सौ पचास’, ज्या नावाने जे. पी. रुग्णालयही ओळखले जाते. रस्त्यांची अधिकृत नावे फलकांवर असतात, परंतु रिक्षाचालक, दुकानदार आणि वाटसरू या सर्वांचे बोलणे चालते ते या आकड्यांत आणि चौकांच्या नावांत.

बोलण्यात चौकांना एवढे स्थान का, हे समजण्यास एक जुनी मांडणी उपयोगी पडते. केविन लिंच या अमेरिकी नगररचनाकाराने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, माणूस शहराचे जे चित्र मनात बाळगतो त्यात वाटा, कडा, विभाग, संगमस्थाने आणि ठळक खुणा हे पाच घटक असतात. यांपैकी कडा म्हणजे सहज ओलांडता न येणाऱ्या सीमा, आणि भोपाळच्या बाबतीत त्या फार स्पष्ट आहेत. उत्तरेचे नबाबी जुने शहर आणि दक्षिणेचे नवे शहर यांच्यामध्ये बडा तालाब व छोटा तालाब पसरलेले आहेत, तर पूर्वेला लोहमार्गाने भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्याच्या वसाहती तोडल्या आहेत. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारी दोन ठिकाणे प्रत्यक्षात वळसा घेऊनच गाठावी लागतात. टी. टी. नगरातून जुन्या शहराकडे जाणारी वाहतूक रोशनपुरा चौकातून पॉलिटेक्निक चौकाकडे उतरते आणि तेथून दोन तलावांच्या मधल्या कमला पार्कच्या चिंचोळ्या वाटेने पुढे सरकते. बसचा मार्ग पाठ करण्यापेक्षा हे संगम ध्यानात ठेवणे नवख्यास अधिक उपयोगी पडते. चार रस्त्यांचा ‘चौराहा’ आणि तीन रस्त्यांचा ‘तिराहा’ हा भेदही तेथे काटेकोरपणे पाळला जातो. टी. टी. नगरात न्यू मार्केट, रोशनपुरा, जवाहर चौक, माता मंदिर आणि डेपो चौराहा एवढी पाच नावे कळली, तरी उतरायचे कोठे याची काळजी बरीचशी मिटते.

चौकांवर भिस्त ठेवण्याचे आणखी एक कारण असे की, त्यांमधून धावणाऱ्या व्यवस्था फार वेगाने बदलत आल्या आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशाच्या मनात एसटीचे स्थानक आणि लाल बस यांचे चित्र असते. मध्य प्रदेशाने मात्र आपले राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्ये मोडीत काढण्याचा निर्णय घेतला, आणि तेव्हापासून आंतरशहर बसवाहतूक प्रामुख्याने खासगी मालकांच्या हाती गेली. शहरांतर्गत सेवेसाठी ‘भोपाळ सिटी लिंक लिमिटेड’ ही कंपनी आहे. तिच्या बसवर ‘टीआर’ किंवा ‘एसआर’ अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक असतो. पहिली अक्षरे मुख्य मार्गाची, दुसरी सर्वसाधारण मार्गाची. २०१३ मध्ये मिसरोद ते बैरागढ असा सुमारे २४ किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका राखणारा रस्ता, सुरू झाला. परंतु शहराच्या मध्यभागात बसला सामान्य वाहतुकीतच मिसळावे लागे, म्हणजे वेगळ्या मार्गिकेची गरज जेथे सर्वाधिक होती तेथेच ती तुटत होती. जानेवारी २०२४ पासून हा मार्ग काढून टाकण्यात आला. दिल्लीनेही २००८ मध्ये सुरू केलेला आपला बीआरटी २०१६ मध्ये उखडला होता, आणि पुण्याचा त्याहून जुना प्रयोगही अखंड राहिला नाही. मार्गिका मोडताना कारण खासगी वाहनांच्या कोंडीचे दिले जाते. एका बसमध्ये किती माणसे असतात हा हिशेब मात्र त्या वेळी क्वचितच मांडला जातो.

डिसेंबर २०२५ मध्ये मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेचा सुभाष नगर ते एम्स हा आठ स्थानकांचा पहिला टप्पा सुरू झाला, पण तो टी. टी. नगराला स्पर्श करीत नाही. भदभदा ते रत्नागिरी तिराहा या नियोजित निळ्या मार्गिकेवर जवाहर चौक आणि रोशनपुरा ही स्थानके येणार आहेत. तोवर इटारसीच्या बाजूने, म्हणजे नागपूर किंवा मुंबईहून, रेल्वेने येणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, गाडी आधी राणी कमलापती स्थानकावर पोहोचते, ज्याचे नाव २०२१ पर्यंत हबीबगंज होते, आणि टी. टी. नगरासाठी भोपाळ जंक्शनपेक्षा हेच स्थानक जवळचे आहे. मात्र सर्वच गाड्या तेथे थांबत नसल्याने आरक्षण करतानाच थांबा तपासावा लागतो. स्थानकाशेजारून मेट्रोने एम. पी. नगरपर्यंत येता येते, परंतु तेथून न्यू मार्केट दोन-तीन किलोमीटर उरतेच आणि वाहन पुन्हा बदलावे लागते. सामान सोबत असेल तर स्थानकावरूनच रिक्षा करणे सोयीचे, आणि ती करताना ‘टी. टी. नगर’ एवढेच न सांगता जवळच्या चौकाचे नाव सांगावे, कारण ही वस्ती उत्तर व दक्षिण अशा दोन भागांत विभागलेली आहे.