रंगाचा टवका, गंजाला आमंत्रण

द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर टणकन आदळतो. घरी येऊन पाहावे, तर तांदळाच्या दाण्याएवढा रंगाचा टवका उडालेला असतो. ‘एवढ्याशासाठी गॅरेज कशाला?’ असे म्हणून बहुतेक जण तो विसरतात. मात्र प्रश्न केवळ मोटारीच्या सौंदर्याचा नसतो. पावसाळा तोंडावर असेल, तर हाच टवका पुढे मोठ्या खर्चाचे कारण ठरू शकतो.

मोटारीच्या पोलादी पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमरचे अस्तर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. या साऱ्यांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असते. हे कवच फुटले, की पाणी व प्राणवायू पत्र्यापर्यंत पोहोचतात आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो भोवतालचा रंग आतून उचलत पसरतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते.

दुरुस्तीपूर्वी जखमेची खोली पाहावी. नख फिरवल्यावर अडकत नसेल, तर ओरखडा केवळ लॅकरवर आहे. तेथे रबिंग कंपाउंड पुरेसे असते. खाली राखाडी अस्तर दिसत असेल, तर रंग भरावा. पत्रा चमकत असेल किंवा तांबूस डाग दिसत असेल, तर विलंब करू नये. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र गंजाचे भय नाही.

रंग विकत घेताना ‘लाल’ किंवा ‘चंदेरी’ एवढे सांगून भागत नाही. प्रत्येक छटेला कंपनीचा संकेतांक असतो. तो बहुधा दरवाजाच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर आढळतो. त्यानुसार टच-अपची छोटी बाटली मिळते.

काम सावलीत, कोरड्या हवेत आणि पत्रा थंड असताना करावे. प्रथम जागा शाम्पूने धुऊन कोरडी करावी व आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, कारण मेणाचा अंश राहिल्यास रंग धरत नाही. गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरचा लहानसा तुकडा काडीच्या टोकाला गुंडाळून तो पूर्ण घासून काढावा. येथे आळस केला, तर नव्या रंगाखाली जुना गंज सुखाने वाढत राहतो. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा ठिपका द्यावा. तो वाळल्यावर टूथपिकने किंवा अतिशय बारीक ब्रशने रंग केवळ खड्ड्यात भरावा. एकच जाड थेंब न देता, अर्ध्या-एक तासाच्या अंतराने दोन-तीन पातळ थर द्यावेत. शेवटी लॅकर लावावे. आठवडाभराने उंचवटा खटकला, तर २००० क्रमांकाचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा आणि कंपाउंडने चमक आणावी. हात बसलेला नसेल, तर उंचवटा तसाच ठेवणे शहाणपणाचे. लॅकर घासले गेले, तर दुखणे वाढते. रंग व थिनर ज्वलनशील असल्याने जवळपास ज्योत किंवा सिगारेट नसावी.

या उपायाला मर्यादाही आहेत. मेटॅलिक रंगाची छटा तंतोतंत जुळणे कठीण असते, शिवाय जुना रंग उन्हाने फिकटलेला असतो. पत्र्याला पोचा आला असेल, रंगाखाली फुगवटे दिसत असतील किंवा टवका रुपयाच्या नाण्याहून मोठा असेल, तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जावे. किरकोळ टवक्यासाठी विम्याचा दावा करण्यापूर्वी मात्र ‘नो क्लेम बोनस’चा हिशेब अवश्य मांडावा.

घरी भरलेला टवका जवळून पाहिल्यास ओळखू येईलच. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. डाग दिसेनासा करणे हा दुय्यम हेतू. पत्र्यापर्यंत पाणी पोहोचू न देणे, हा खरा. तो साधला, तर सुटीच्या सकाळचे ते दोन तास सत्कारणी लागले असे समजावे.