कलेची बाराखडी शिकूया कार्ल्याच्या लेण्यात!

चित्रकला हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्या लोकांचा उद्योग आहे, असे आपल्या घरांतून सर्रास बोलले जाते. मुलगी वहीच्या मागच्या पानावर वेलबुट्टी काढत बसली की, "त्याने पोट भरणार आहे का?" म्हणून आपण तिला दटावतो. आम्हांला हे मान्य नाही. कलेलाही बाराखडी असते. रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश ही तिची अक्षरे. तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य आणि एकसंधता हे तिचे व्याकरण. हे शिकायला महागडी शाळा लागत नाही.

मुंबई-पुण्याच्या माणसाला तर एका दिवसात जाऊन येता येईल अशी शाळा आहे. मळवली स्टेशनवर उतरावे आणि कार्ल्याचा डोंगर चढावा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेले चैत्यगृह तेथे आहे. लांबी सुमारे 124 फूट, रुंदी सुमारे 45 फूट. आपण जातो, वंदन करतो, फोटो काढतो आणि डबा खाऊन परततो. पुढच्या वेळी मुलांना घेऊन आत अर्धा तास शांत बसा आणि नुसते पाहा.

लय आणि तोल

दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत. खाली घट, वर हत्ती आणि त्यांवर स्वार. खांब, मोकळी जागा, पुन्हा खांब, पुन्हा मोकळी जागा. जणू ढोलकीचा ठेका! हीच लय. डावी बाजू उजवीला तोलून धरते, हा तोल. खांबांच्या रांगेवरून नजर आपोआप स्तूपाकडे सरकते.

प्राधान्य आणि विरोध

स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अठपैलू आहेत. त्यांना ना घट, ना हत्ती. त्यामुळे स्तूपाच्या पाठीशी नक्षीची गर्दी होत नाही. सरळ उभ्या खांबांमध्ये स्तूपाचा गोल घुमट उठून दिसतो, हा विरोध. दर्शनी भागातल्या मोठ्या कमानीतून येणारा उजेड आत जाता जाता मंद होतो, त्या छटा. वर छताला आजही जुन्या सागवानी लाकडाच्या कमानी आहेत. लाकूड आणि दगड यांचा वेगवेगळा पोत तेथे एकाच नजरेत दिसतो.

रंगाचा धडा घ्यायचा तर अजिंठ्याला जावे. तेथल्या चित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी वापरलेली आहे. म्हणजे बरेचसे रंग पायाखालच्या मातीतलेच!

आणि हे सारे कोणाच्या हातांनी झाले? कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. दरवाजाचे काम त्याचे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दरवाजाचे दान दिले. राजांच्या नावांबरोबर सुताराचे नावही कातळावर टिकले. कला आपली नव्हे, असे कोणी कसे म्हणावे?

आपले जयंतीचे फलक

आता आपल्या वस्तीतला जयंतीचा फलक आठवा. वीस-पंचवीस कार्यकर्त्यांचे चेहरे, सात-आठ रंग, चार प्रकारची अक्षरे आणि कोपऱ्यात बाबासाहेब! येथे प्राधान्य कोणाला मिळाले? अवकाश कोठे उरला? रस्त्यावरून जाणाऱ्याने नेमके काय वाचावे? मंडळाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढतो तेव्हा, "मग वर्गणी कोण देणार?" असे उत्तर मिळते. त्यावर उपाय आहे. वर्गणीदारांची यादी वेगळ्या फलकावर लावा. मुख्य फलकावर बाबासाहेबांचे एकच मोठे चित्र, दोन रंग, एक ओळ आणि भोवती भरपूर मोकळी जागा असू द्या. खर्च कमी होईल आणि फलक लांबूनही वाचता येईल.

शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. आपल्या मुला-मुलींना त्यांना जरूर बसवा. यंदाच्या फलकाची आखणीही त्यांच्याच हाती सोपवा. त्यांनी ठेवलेली मोकळी जागा मात्र कोणी आपल्या फोटोने भरू नये, एवढी खबरदारी आपण मोठ्यांनी घ्यावी.