रॅकेटचा वेग कसा मोजावा?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझा भाचा बॅडमिंटन खेळतो. दिवाळीच्या सुटीत त्याने हट्ट धरला, "मामू, मला महागडी रॅकेट हवी. तिने स्मॅशचा वेग वाढतो." मी विचारले, "सध्या तुझा वेग किती?" तो गप्प. मी बी.ए. झालेला माणूस, पण वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, एवढे शाळेतले गणित ध्यानात होते. म्हटले, आधी मोजू, मग दुकानात जाऊ.

साधन एकच, मोबाइल. नेहमीच्या चित्रणात तो साधारण सेकंदाला ३० चित्रे घेतो. दोन चित्रांमधल्या वेळात रॅकेट जवळजवळ मीटरभर पुढे निघून जाते. म्हणून 'स्लो मोशन' निवडायचे. पुष्कळ मोबाइलांत त्यात सेकंदाला २४० चित्रे मिळतात. हे झाले घड्याळ. मोजपट्टी म्हणजे खुद्द रॅकेट. आमची ६७.५ सेंटिमीटर भरली. पडद्यावर ती सर्वांत लांब दिसली तेव्हा १३.५ सेंटिमीटर होती. म्हणजे पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ५.

फुलाला फटका बसण्याच्या अगदी आधीच्या दोन चित्रांत रॅकेटचे टोक पडद्यावर २.४ सेंटिमीटर सरकले. प्रत्यक्षात १२ सेंटिमीटर, तेही १/२४० सेकंदात. म्हणजे सेकंदाला २८.८ मीटर, ताशी सुमारे १०४ किलोमीटर!

भाचा खट्टू झाला. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ मध्ये जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा विक्रम केला, हे त्याला पाठ होते. पण तो वेग फुलाचा, फटक्यानंतर लगेचचा, आणि खास चाचणीत मोजलेला. पाच ग्रॅमचे फूल जड रॅकेटचा मार बसताच तिच्याहून वेगाने सुटते आणि पिसांना हवेचा अडसर होऊन लगेच मंदावते. दोन वेगांची तुलनाच चूक.

आता मोजणीतल्या खोटीविषयी. कॅमेरा स्थिर आणि बरोबर बाजूला हवा. रॅकेट कॅमेऱ्याच्या दिशेने जितकी येते, तितका वेग चित्रात दिसतच नाही. शिवाय टोक पुसट दिसते. पडद्यावर दोन मिलिमीटर चुकले, तर उत्तर ताशी नऊ किलोमीटरनी बदलते. म्हणून एका फटक्यावर भरवसा ठेवू नये.

भाच्याने मित्राची महागडी रॅकेट मागून आणली. दोन्हींनी दहा-दहा फटके मारले. सरासरी आली १०४ आणि १०७. पण एकाच रॅकेटचे फटके ९५ पासून ११३ पर्यंत पसरले होते! तीन किलोमीटरचा फरक त्या पसाऱ्यात कुठे शोधायचा? महागडी रॅकेट वाईट, असे यातून ठरत नाही. ती याला वेग देते, एवढे मात्र सिद्ध झाले नाही.

भाच्याने आकडे दोनदा तपासले. मग म्हणाला, "मामू, बूट फाटलेत. तेच घेऊ."

आम्ही बूट घेतले. उरलेल्या पैशांत फुलांचा एक डबाही आला.